दाराखालून आलेलं पिल्लू

एकाच वेतातल्या दोन बहिणी. पाच-सहा वर्षं एका उशीवर, एकमेकींच्या पोटात डोकं खुपसून झोपलेल्या. त्यातल्या एकीचा दात काढावा लागतो. तिला टोपलीत घालून दवाखान्यात नेतात, भूल देतात, संध्याकाळी घरी आणतात. टोपलीचं दार उघडतं. दुसरी उत्सुकतेनं पुढे येते, नाक पुढे करते, आणि पुढच्याच क्षणी तिची पाठ वर उचलली जाते, शेपटी तिप्पट फुगते आणि ती सख्ख्या बहिणीवर फिस्कारते.

जनावरांच्या डॉक्टरांना हा प्रकार चांगलाच माहीत असतो. दवाखान्यातून आलेल्या मांजराला काही तास वेगळ्या खोलीत ठेवा, स्वतःला चाटूनपुसून घेऊ द्या, मग बाकीच्यांत सोडा, असं ते आधीच सांगून ठेवतात. बहिणीचा चेहरा तोच होता, आवाज तोच होता, नाकाजवळचा काळा ठिपकाही जागेवर होता. बदलला होता फक्त वास. अंगाला स्पिरिटचा, रबरी हातमोज्यांचा आणि पिंजऱ्यात शेजारी बसलेल्या भेदरलेल्या कुत्र्याचा वास येत होता, आणि तेवढ्यानं पाच वर्षांची ओळख पुसली गेली.

घरात दोन मोठी मांजरं असताना तिसरं, दोन-अडीच महिन्यांचं पिल्लू आणायचं असेल, तर सुरुवात या प्रसंगापासून करावी. जिथं सख्ख्या बहिणीची ही गत, तिथं पावसात पार्किंगमधून उचलून आणलेल्या, अंगाला गाडीच्या ऑइलचा आणि परक्या आईचा वास असलेल्या पोराचं काय होणार? आणि तरीही बहुतेक घरांत शेवटी जमतं. ते कसं जमतं, ही मला गेली कित्येक वर्षं विस्मयात टाकणारी गोष्ट आहे.

मांजराच्या अंगावर वासाचे कारखाने जागोजागी आहेत. गालांवर, हनुवटीखाली, ओठांच्या कोपऱ्यांत, डोळा आणि कान यांच्यामधल्या विरळ केसांच्या पट्ट्यात, शेपटीच्या मुळाशी, पंजाच्या गाद्यांमध्ये. आपण स्वयंपाकघरात उभे असताना मांजर येऊन पोटरीला गाल घासतं, मग फ्रिजच्या कोपऱ्याला, मग दाराच्या चौकटीला. आपल्याला वाटतं लाडात आलंय. लाडात आलेलं असतंच. पण त्याच वेळी ते त्या वस्तूंवर स्वतःची खूण ताजी करत असतं. पात्रिक पाजे नावाच्या फ्रेंच पशुवैद्यानं १९९०च्या दशकात गालांवरच्या या स्रावाची चिकित्सा केली आणि त्यात पाच वेगवेगळी मिश्रणं ओळखली. एक मिश्रण वस्तूंना फासलं जातं. दुसरं एक ओळखीच्या जिवांना, म्हणजे सोबतच्या मांजरांना आणि आपल्या पायांना लावलं जातं. म्हणजे दाराची चौकट आणि घरातली आजी यांच्यातला फरक मांजर रसायनशास्त्रातसुद्धा पाळतं.

यातल्या वस्तूंना लागणाऱ्या मिश्रणाची नक्कल करून प्लगला लावायची यंत्रं बाजारात आली आहेत. त्यांच्याबद्दलच्या अभ्यासांचे निष्कर्ष संमिश्र आहेत आणि त्यांची किंमत मुळीच संमिश्र नाही. खोलीचं दार बंद ठेवायला पैसे पडत नाहीत, एवढं आठवणीत ठेवून ज्याला घ्यायचं त्यानं खुशाल घ्यावं.

वास घेण्याचं एक जादा इंद्रियही मांजराकडे आहे. वरच्या पुढच्या दातांच्या मागे टाळूला दोन बारीक छिद्रं असतात, ती जेकबसनच्या इंद्रियाकडे जातात. एखादा वास फारच मनावर घ्यायचा असला की मांजर तोंड अर्धवट उघडून, वरचा ओठ किंचित उचलून, शून्यात बघत थबकतं. पाहणाऱ्याला वाटतं याला आता शिंक येणार. प्रत्यक्षात ते तो वास जिभेनं टाळूकडे ढकलत असतं. या इंद्रियातल्या एका प्रकारच्या ग्राहकांची चालू स्थितीतली जनुकं मांजरात कुत्र्यापेक्षा जास्त आहेत. कुत्र्याच्या नाकाची एवढी ख्याती, पण आपल्याच जातभाईंनी सोडलेला निरोप वाचायच्या कामात मांजर त्याला भारी पडत असावं, असा अंदाज त्यावरून बांधला जातो.

एकत्र राहणारी मांजरं एकमेकांना घासतात, चाटतात, एकाच चादरीवर लोळतात. त्यातून त्या घराचा एक मिळून तयार झालेला वास बनतो. ज्याच्या अंगाला तो येतो ते आपलं. बाकी सगळे परके.

याचा अर्थ मांजर डोळ्यांनी ओळखतच नाही, असा काढू नये. साहो ताकागी आणि त्यांच्या जपानी सहकाऱ्यांनी २०२२ साली एक मजेदार प्रयोग प्रसिद्ध केला. घरातल्या मांजराला सोबतच्या मांजराचं नाव ऐकवायचं आणि मग पडद्यावर चित्र दाखवायचं. कधी त्याच मांजराचं, कधी भलत्याच. नाव एकाचं आणि चेहरा दुसऱ्याचा असला की मांजरं पडद्याकडे जास्त वेळ बघत राहिली. म्हणजे सोबत्याचं नाव आणि तोंड दोन्ही त्यांना ठाऊक असतं. तुम्ही ‘मनी’ अशी हाक मारली की बोका मनात मनीचा चेहरा आणतो! एवढी हुशारी असूनही दवाखान्याच्या वासापुढे ती लटकी पडते. डोळ्यांची साक्ष आणि नाकाची साक्ष यांत विरोध आला की मांजराच्या कोर्टात निकाल नाकाच्या बाजूनं लागतो.

हे असं का, हे समजायला बरंच मागं जावं लागतं. आपलं घरगुती मांजर ज्या रानमांजरापासून आलं, ते उत्तर आफ्रिका आणि पश्चिम आशियातलं वाळूच्या रंगाचं जनावर. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानं ही वंशावळ पक्की केली. हे जनावर एकटं राहतं, एकटं शिकार करतं. कारण साधं आहे: उंदीर एकाच्याच पोटापुरता असतो. सिंहांच्या कळपानं म्हैस पाडली तर वाटून खाता येते. उंदीर वाटून खायला बसलं तर दोघंही उपाशी. ज्याचं जेवण वाटण्यासारखं नाही, त्याला शेजार नकोसा असतो. पण शेजार टाळायचा तर शेजारी कुठंवर आला होता हे कळायला हवं, आणि अंधारात, न भेटता, मारामारी न करता हे कळवण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे वास. प्रत्यक्ष भेटण्याची वेळ येऊ नये म्हणूनच ही सगळी व्यवस्था उभी राहिली आहे.

मग माणसानं धान्य साठवायला सुरुवात केली, कोठारांत उंदीर झाले, आणि उंदरांमागून मांजरं आली. सायप्रस बेटावर शिलुरोकांबोस नावाच्या ठिकाणी सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचं एक दफन सापडलं, त्याचा वृत्तान्त २००४ साली छापून आला. माणसाच्या सांगाड्यापासून हातभरसुद्धा लांब नसलेल्या खड्ड्यात सुमारे आठ महिन्यांचं मांजर पुरलेलं होतं. सायप्रसवर मूळची मांजरं नव्हती. म्हणजे कुणीतरी ते, किंवा त्याचे पूर्वज, होडीतून समुद्रापार नेले होते. मांजराला टोपलीत घालून रिक्षातून चार चौक पलीकडे नेताना जो आकांत होतो, तो आठवला की त्या खलाशांविषयी आदर वाटतो.

अन्न एके जागी भरपूर मिळू लागलं तशी ही एकांडी मांजरं घोळक्यानंही राहायला शिकली. जपानमधल्या फुकुओकाजवळच्या आइनोशिमा बेटावर मासेमारीच्या उरल्यासुरल्यावर दाटीवाटीनं मांजरं जगतात. आपल्याकडे कुठल्याही कोळीवाड्यात, मासळीबाजाराच्या मागच्या अंगाला हेच दृश्य दिसतं. हे घोळके बायकांचे असतात. आई, तिच्या लेकी, मावश्या, भाच्या. त्या एकमेकींच्या पिल्लांना दूध पाजतात, एकीची पिल्लं दुसरी सांभाळते. ऑक्सफर्डच्या डेव्हिड मॅक्डोनाल्ड यांनी इंग्लंडमधल्या शेतांवर अशा मांजरांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं होतं. घोळक्याच्या आतला व्यवहार मायेचा. बाहेरच्या मांजरीला मात्र आत थारा नाही. ती आलीच तर कडेकडेनं, अंतर राखून, हाकललं की मागे सरून पुन्हा येत, फार सावकाश.

या इतिहासात एक तारीख अगदी अलीकडची आहे. १९४७ साली अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात एडवर्ड लो नावाच्या माणसानं शेजारणीला मांजराच्या पेटीसाठी राखेऐवजी तेल-पाणी शोषणारी दाणेदार माती दिली. त्यातून मांजरांच्या वाळूचा धंदा उभा राहिला आणि मांजराला दिवसरात्र घरातच ठेवणं सोपं झालं. त्याआधी बहुतेक मांजरांना बाहेर जावंच लागे, आणि न पटणाऱ्या दोन मांजरांचा प्रश्न तिथंच सुटे: एक जण कौलांवर, दुसरा शेजारच्यांकडे. चौथ्या मजल्यावर, बाल्कनीला जाळी ठोकलेल्या दोन खोल्यांत, रक्ताचं नातं नसलेली तीन मांजरं आयुष्यभर राहणार, ही मांजराच्या साडेनऊ हजार वर्षांच्या संसारातली अगदी काल-परवाची अट आहे. ती त्यांनी मान्य करावी याचंच नवल. मान्य केली नाही तर त्यांना ‘भांडखोर’ म्हणण्यात अर्थ नाही.

आता पिल्लाकडे वळू. पिल्लू असण्याचे काही फायदे आहेत आणि ते निसर्गानंच दिले आहेत.

दूध पाजणाऱ्या मांजरीच्या पिल्लांत परकं, तेवढ्याच वयाचं पोर ठेवलं तर ती बहुधा निमूटपणे त्यालाही जवळ घेते. आईवेगळ्या पिल्लांना वाचवणारे लोक याचाच फायदा घेतात. मांजरी पिल्लांना सात घरं फिरवते असं आपल्याकडे म्हणतात. सात हा आकडा सोडा, पण ती जागा बदलत राहते हे खरं. मात्र चालता येईपर्यंत पिल्लं तिनं ठेवलेल्या जागेवरून हलत नाहीत, तेव्हा त्या जागी जे वळवळतंय ते आपलंच, हा तिचा हिशेब सहसा चुकत नाही. दोन-अडीच महिन्यांच्या, टुणटुण उड्या मारणाऱ्या पोराला हा हिशेब लागू पडत नाही, आणि दूध न देणाऱ्या मांजरीला तर मुळीच नाही. तीच मांजरी आंधळ्या, चिवचिवणाऱ्या परक्या जिवाची आई होते आणि काही आठवड्यांनी मोठ्या असलेल्या दुसऱ्या परक्या जिवावर फिस्कारते.

तरीही मोठं मांजर आणण्यापेक्षा पिल्लू आणणं सोपं जातं. बोक्याच्या मुताला जो डोकं उठवणारा वास असतो तो फेलिनिन नावाच्या पदार्थापासून येतो. फेलिनिन बनायला लागणारं एक प्रथिन मूत्रपिंडात तयार होतं, ते जपानी संशोधकांनी शोधून काढलं. लहान पिल्लांच्या मुतात ते जवळजवळ नसतं. वय वाढतं तसं दिसायला लागतं. म्हणजे पिल्लाचा वास परका खरा, पण त्यात ‘मी इथला मालक होणार’ असा मजकूर अजून आलेला नसतो.

दुसरी गोष्ट शेपटीची. पिल्लू आईकडे धावतं तेव्हा शेपटी सरळ उभी असते. रानमांजर मोठं झालं की एकमेकांशी भेटताना हा इशारा सोडून देतं. घरगुती मांजरानं तो आयुष्यभर जपून ठेवला. मार्जारकुळात मोठेपणी शेपटी उभारून एकमेकांकडे जाणारे दुसरे ठळक प्राणी म्हणजे सिंह, आणि तेही घोळक्यानं राहणारेच. इंग्लंडमधल्या शार्लट कॅमरन-बोमाँट यांनी १९९०च्या दशकात मांजराच्या आकाराचे काळे कागद कापून घराच्या भिंतींवर लावले. काहींची शेपटी वर, काहींची खाली. शेपटी वर असलेल्या कागदी मांजराकडे खरी मांजरं लवकर गेली, आणि बरीचशी स्वतःची शेपटी उभारून गेली! कागदालासुद्धा नमस्काराला नमस्कार. नवं पिल्लू तर चोवीस तास शेपटी उभी धरून हिंडतं. घरातल्या मोठ्यांना वासानं जे पटलेलं नसतं, ते ही शेपटी थोडंफार पटवते.

म्हणून ओळखीची सुरुवात बंद दारापासून करायची, आणि हे दार मन मोठं करून बंद ठेवायचं. पिल्लू एका खोलीत, तिथंच त्याची वाळू, पाणी, खाणं, दडायला एखादा पुठ्ठ्याचा खोका. पहिलं कारण आजारपणाचं. बाहेरून आलेल्या पिल्लाच्या अंगावर पिसवा असतात, पोटात जंत असतात, कधी कातडीवर गजकर्ण असतं. सगळ्यांत वाईट म्हणजे पॅनल्युकोपेनिया. तो विषाणू फरशीवर, कपड्यांत अनेक महिने, अगदी वर्षभरसुद्धा तग धरतो. तेव्हा आधी डॉक्टर, जंताचं औषध, लसींचं वेळापत्रक, आणि मोठ्या मांजरांच्या लसी राहिल्या असतील तर त्याही. पहिली तिहेरी लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयात देतात आणि तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं, पिल्लू चार महिन्यांचं होईतो, पुढचे डोस होतात.

दुसरं कारण मला जास्त गंमतीचं वाटतं. बंद दाराखाली बोटभर फट असते. त्या फटीतून पिल्लाचा वास घरात येऊ लागतो, आणि पिल्लू दिसायच्या आधी त्याची बातमी पसरते. मोठी मांजरं दारापाशी येतात, पालथी पडून नाक फटीला लावतात, एखादी फिस्कारते आणि निघून जाते. मग पुन्हा येते. कोळीवाड्यातल्या घोळक्याच्या कडेला नवी मांजरी आठवडेच्या आठवडे जे करते, ते सगळं या फटीवर घडतं, फक्त रक्त न सांडता.

इथं आपण थोडी लबाडी करू शकतो. स्वच्छ रुमाल किंवा जुना मोजा घ्यायचा, पिल्लाच्या गालांवर आणि हनुवटीवर हलकेच फिरवायचा आणि मोठ्यांच्या खाण्याच्या ताटलीपासून जरा अंतरावर ठेवायचा. मोठ्यांचा रुमाल पिल्लाच्या खोलीत. पहिल्या दिवशी त्या रुमालाकडे असं बघितलं जातं की जणू तिथं साप पडला आहे. तो रुमाल नाकापुढे नेऊन ‘बघ बघ, कोण आलंय’ करू नये. जागेवर पडू द्यावा. दोन-चार दिवसांत त्याच्यावरून ओलांडून जाणं सुरू होतं, एके दिवशी कुणीतरी त्याच्यावर बसतं. त्यानंतर तोच रुमाल आलटून-पालटून सगळ्यांच्या अंगावरून फिरवता येतो. घराचा मिळून तयार होणारा वास असतो ना, त्यात पिल्लाचा वाटा आपण आपल्या हातांनी घालत असतो, ते अजून कुणाला भेटलेलंही नसताना.

पुढची पायरी खोल्यांची अदलाबदल. मोठ्यांना तासभर पिल्लाच्या खोलीत सोडायचं, पिल्लाला बाहेर. दोन्ही बाजूंना शोधाशोध होते, गाल घासले जातात, वासावर वास चढतो. मग जेवणं दाराच्या दोन्ही बाजूंना. आधी दारापासून लांब, रोज ताटली थोडी जवळ. मांजर घाबरलेलं असताना खात नाही, त्यामुळे ताटली रिकामी होते आहे की नाही, यावरून पुढं सरकायचं की एक दिवस थांबायचं हे कळतं. ठरलेले दिवस असे नसतात. काही घरांत आठवड्यात उरकतं, काही घरांत दोन महिने लागतात, आणि घाई माणसालाच असते.

एका खोलीच्या घरात काय करायचं, हा प्रश्न मुंबईत कुणीही विचारेल. बाथरूम चालतं, आपल्या आंघोळींच्या वेळा सांभाळल्या तर. मोठा पिंजरा चादरीनं झाकून कोपऱ्यात ठेवला तरी चालतं. आणि मांजर जागा नुसती चौरस फुटांत मोजत नाही, उंचीतही मोजतं. कपाटाचा माथा, फ्रिज, पोटमाळा, भिंतीला ठोकलेली फळी हे त्याच्या लेखी स्वतंत्र मजले आहेत. खाली पिल्लू हुंदडत असताना मोठ्या मांजराला वर बसून त्याच्याकडे तुच्छतेनं बघता आलं पाहिजे. ही सोय असली की निम्मे तंटे होतच नाहीत.

वासानंतर डोळे. दाराला डासांची जाळी लावलेली चौकट असेल तर उत्तम. नसेल तर दार दोन बोटं उघडून अडकवायचं. पलीकडे पिल्लू, अलीकडे मोठी मांजरं, दोन्हीकडे आवडतं खाणं. पाच मिनिटं, मग दार बंद. सगळं छान चाललं असतानाच बंद करायचं, हे अवघड पण महत्त्वाचं. मग एके दिवशी जाळी काढायची, पिल्लाला आधी खेळवून दमवलेलं असावं, मोठ्यांची पोटं भरलेली असावीत. पिल्लाला उचलून मोठ्यांच्या पुढ्यात धरू नये. घाबरलेल्या मांजराच्या आणि त्याच्या लक्ष्याच्या मध्ये आपला हात असणं डॉक्टरकडे जाण्याचा हमखास रस्ता आहे, यावेळी माणसांच्या डॉक्टरकडे.

पहिल्या भेटीला एवढं महत्त्व का द्यायचं? अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी घरी नवं मांजर आणलेल्या लोकांची पाहणी केली होती, ती २००५ साली प्रसिद्ध झाली. ज्या घरांत पहिल्याच भेटीत ओरबाडणं-चावणं झालं, तिथं पुढंही मारामाऱ्या चालू राहण्याकडे कल होता. ‘सोडा एकत्र, भांडतील आणि गप्प बसतील’ हा सल्ला प्रेमानं दिला जातो आणि पुष्कळदा महागात पडतो. मांजरं भांडून गप्प बसत नाहीत. ती लक्षात ठेवतात.

फिस्कारण्याला मात्र घाबरू नये. फिस्कारणं हा हल्ला टाळण्याचा आवाज आहे. दात दाखवून, कान मागे टाकून, हवा जोरानं बाहेर सोडून मांजर म्हणतं, एवढ्यावरच थांब. हा आवाज सापाच्या फूत्कारासारखा असल्यानं बाकीचे प्राणी दचकून मागे सरतात आणि म्हणूनच तो असा घडला असावा, अशी एक जुनी अटकळ आहे. सिद्ध झालेली नाही, पण अंधारात ऐकली की पटते. डोळे नुकते उघडलेली इवली पिल्लंसुद्धा फिस्कारतात. मोठी मांजर पिल्लावर फिस्कारली आणि पिल्लू थबकलं, बसलं, बाजूला बघू लागलं, तर संवाद व्यवस्थित झाला. अशा वेळी मोठीला रागावलं तर तिला एवढंच कळतं की हे पोर जवळ आलं की घरातली माणसंही आपल्यावर ओरडतात. पिल्लाच्या टाळक्यात नखं आत घेऊन मारलेली टपलीही अशीच समजावी. आई असती तर तिनंही मारली असती.

मग एके दिवशी दोघं एकमेकांना धरून फरशीवर लोळताना दिसतात आणि घरातल्या माणसांच्या काळजात धस्स होतं. खेळ की भांडण? स्लोव्हाकियातल्या कोशित्से इथल्या नोएमा गायदोश-क्मेत्सोवा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांजरांच्या झटापटींच्या १०५ चित्रफिती तपासून २०२३ साली याचं उत्तर शोधलं. आवाज न करता चाललेली कुस्ती बहुधा खेळाची. आरडाओरडा आणि एकतर्फी पाठलाग बहुधा भांडणाचा. पण त्यांना एक तिसरा प्रकारही सापडला: खेळ आणि भांडण दोन्हीची लक्षणं दाखवणारा, अधूनमधून थांबणारा, खेळाच्या जरा जास्त जवळचा. मला हा तिसरा प्रकार फार आवडतो. मांजरांनाही कधी कधी ठरवता येत नाही की हे चाललंय काय.

आमच्याकडच्या अनुभवातून सांगायचं तर काळजीची गोष्ट आवाजाची नसतेच. बोका बोळाच्या तोंडाशी पसरून बसतो, काही करत नाही, नुसता बघतो. आणि पिल्लू वाळूच्या ट्रेकडे जायचं सोडून परत फिरतं. किंवा उलटं: पिल्लू दिवसभर म्हातारीच्या शेपटीवर झडप घालतं, आणि ती खाणं सोडून कपाटावर राहायला जाते. घरात शांतता असते, पाहुणे म्हणतात किती छान राहतात, आणि एक जण हळूहळू घराबाहेर ढकललं जात असतं, घरातच. म्हणून वाळूचे ट्रे मांजरांच्या संख्येपेक्षा एक जास्त ठेवा म्हणतात, आणि ते एका रांगेत ठेवू नयेत. एका रांगेतले चार ट्रे अडवायला एकच बोका पुरतो. ताटल्या आणि पाणीही वेगवेगळ्या जागी. या ताणातून मोठी मांजरं गादीवर मुतायला लागली तर तो सूड समजू नये. बऱ्याचदा ताणानं मूत्राशयाला सूज येते. बोका ट्रेमध्ये जाऊन कुंथतो आहे आणि लघवी होत नाही, असं दिसलं तर मात्र रात्र असो की दिवस, तडक दवाखाना. तुंबलेली लघवी बोक्याला एक-दोन दिवसांत मारू शकते.

आणि सगळं जमलं, एकाच चादरीवर तिघं झोपू लागली, तरी खातं बंद झालं असं समजू नका. पिल्लू पाच-सहा महिन्यांचं होतं तेव्हा वयात येतं. त्याआधी नसबंदी करून घेतली तर पुढचे बरेच तंटे वाचतात. त्यानंतरही मांजर पुरतं प्रौढ व्हायला दोनेक वर्षं, कधी अधिक लागतात, आणि तेव्हा जुनी नाती नव्यानं तपासली जातात. लहानपणी ज्याला सगळं माफ होतं, तो आता सोफ्यावरच्या जागेवर दावा सांगतो.

पाउल लायहाउझेन हे जर्मन प्राणिवर्तनशास्त्रज्ञ. मांजरांवरच्या त्यांच्या निरीक्षणांत एक गोष्ट वारंवार येते. मांजरांत कायमचा एक राजा आणि बाकी प्रजा अशी सरळ उतरंड क्वचितच दिसते. एकच वाट, एकच उन्हाची जागा दोन मांजरं वेगवेगळ्या वेळी वापरतात. आधी पोचला त्याचा हक्क, दुसरा वळून थांबतो. चाळीतल्या सामाईक नळावर जसं साडेपाच कुणाचे आणि सहा कुणाचे हे कुठं लिहिलेलं नसतं पण सगळ्यांना पाठ असतं, तसं. आपल्याच घरात हे वेळापत्रक बघायचं असेल तर सकाळचं ऊन येणाऱ्या खिडकीकडे दोन दिवस लक्ष ठेवा. आठ वाजता कोण, नऊ वाजता कोण, आणि कोण कुणाला बघून जिन्यावर थांबतं, हे दिसायला लागेल. सव्वाआठच्या सुमाराला तिथं फिस्काफिस्की होत असेल, तर मांजरांना काही समजावू नका. खिडकीत दुसरी फळी ठोका.